येमूल आणि इतर भंगार

राजेशम येमूल मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुन्या सहकाऱ्याबद्दल लिहायला बसलं की लेखणी आपोआप नरम पडते, आणि ज्याने आपल्याला उभा जन्म मूर्खात काढलं तोही शेवटी फणसासारखा, वरून काटेरी आणि आतून गोड होऊन बसतो. येमूलला आतूनही काटेच होते. निदान माझी तशी खात्री होती, आणि ती मोडायला त्याने फार उशीर केला.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान विभाग म्हणजे विभागप्रमुख देशमाने सर, मी आणि प्रयोगशाळा सांभाळणारा मशाक. तिथे हा मुंबईहून आला. मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत तो प्रवेगकावर काम करत होता. प्रवेगक म्हणजे अणूतले कण भन्नाट वेगाने पळवणारं यंत्र. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या तेलुगू विणकराचा मुलगा तिथवर पोचला होता. पण वडिलांच्या अंगावरून वारं गेलं, थोरला भाऊ मागावर एकटा पडला, म्हणून संशोधन अर्धवट टाकून नोकरी धरायला तो घरी परतला. यातलं काहीही त्याने आम्हाला सांगितलं नाही. हे मशाककडून कळलं. त्याने सांगितलं ते इतकंच, "मी इथं तात्पुरता आहे."

पहिल्या दिवशी देशमाने सरांनी मोठ्या कौतुकाने त्याला प्रयोगशाळा दाखवली. पितळी वर्णपटमापक, तारा ताणलेली पेटी, काचेच्या कपाटातले तराजू, सगळं फडक्याने पुसून मांडलेलं. येमूलने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भंगार."

सरांना वाटलं, हा कोपऱ्यातल्या मोडक्या स्टुलाबद्दल बोलतोय. "हो हो, ते काढायचंय," ते घाईने म्हणाले.

"स्टूल ठीक आहे," येमूल म्हणाला.

'भंगार' हा त्याचा आवडता शब्द. पाठ्यपुस्तक भंगार, विद्यापीठ भंगार, कॅन्टीनचा चहा भंगार, कॉलेजचं स्नेहसंमेलन तर महाभंगार. मी तेव्हा विटांमधून उष्णता कशी वाहते यावर प्रबंध लिहीत होतो. त्याने दोन पानं उभ्याउभ्या चाळली. "वीट तापते हे तुला विटेनं सांगितलं. आता तू विद्यापीठाला सांग. विद्यापीठ तुला पदवी दील. वीट हाय तितंच ऱ्हाईल." एरवी तो शुद्ध बोलायचा. कोणाला टोचायचं असलं की मात्र गावची भाषा बाहेर काढायचा. अपमान मातृभाषेत केलेला बरा, असं काहीतरी असावं. पण त्याची मातृभाषा तेलुगू होती, म्हणजे हा तर्कही त्याने आम्हाला धड पुरवला नाही.

आणखी एक सवय होती. समोरचा बोलायला लागला की तो चष्मा काढायचा आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसायचा. भिंगं जाड होती. चष्म्याशिवाय त्याला समोरच्याचं तोंड दिसत नसावं, आणि तीच सोय त्याला हवी असायची. प्राचार्य बोलायला उभे राहिले की चष्मा हमखास खाली यायचा. सभा संपेपर्यंत त्या भिंगांचं पार तेज निघालेलं असे.

तर या तात्पुरत्या माणसाने काय ठरवलं होतं? तर प्रवेगक टेबलावर आणायचा. तिकडे हे यंत्र ठेवायला अख्खी इमारत लागते. याचं म्हणणं असं की कणांना ढकलायला विजेऐवजी लेझरचा प्रकाश वापरला तर इमारतीचं काम टेबलावर होईल. "माग बघितलाय ना?" एकदा त्याने एसवायच्या वर्गात विचारलं. सोलापूरच्या पोरांनी माग बघितला नसेल तर काय बघितलं असेल! "धोट्याला फटका बसतो आणि धोटा पळतो. कणाचं तेच. मला फटका द्यायला उजेड पायजे." मी बाहेरच्या व्हरांड्यातून ऐकत होतो. तो असं सोपं, माणसात येऊन बोलू शकतो याचा मला रागच आला, कारण आमच्याशी बोलताना त्याने ती मेहरबानी कधी केली नव्हती.

त्यासाठी आधी स्वतःचा लेझर हवा. मुंबईच्या त्याच्या मार्गदर्शकांनी निरोपाच्या वेळी त्याला दोन आरसे दिले होते. परदेशातून आलेले, नखाएवढ्या जाडीचे, त्यावर डोळ्याला न दिसणारे लेप. देताना ते म्हणाले होते, "सोलापुरात बसून लेझर पेटवून दाखवा. मग तुम्हाला परत कसं घ्यायचं ते मी बघतो." ते थट्टेत म्हणाले की मनापासून, हे येमूलला कळलं नसावं. थट्टा करणं हा फक्त आपला अधिकार आहे अशी त्याची समजूत होती, त्यामुळे त्याने ते वाक्य शब्दशः घेतलं. पुढची सगळी मेहनत त्या एका वाक्यावर उभी होती.

भांडारघराची एक खोली त्याने बळकावली. खिडक्यांवर भावाने विणलेल्या जाड चादरी टांगल्या. मुंबईहून काचेची लांब नळी आणली, वायू आणला, आणि नळीच्या दोन टोकांना ते दोन आरसे बसवले. आरसे एकमेकांसमोर अगदी काटेकोर जुळले तरच नळीतल्या उजेडाची किरणशलाका होते. केसभर हलले की नळी नुसतीच गुलाबी जळत राहते. आणि सोलापूर त्यांना जुळू देत नव्हतं. यंत्रमाग चालू असले की विजेचा दाब खालीवर व्हायचा. हवेत सुताचे तंतू. उन्हाळ्यात खोलीची भट्टी. त्या भट्टीत येमूल उभ्याउभ्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायचा आणि स्क्रू फिरवायचा. आत कोणाला प्रवेश नाही. किल्ली त्याच्या खिशात. मशाकने झाडायला म्हणून डोकावलं तरी खेकसायचा.

एकदा मात्र दार उघडावं लागलं. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आले होते. माळशिरस तालुक्यातले मोठे ऊसवाले, पांढरेशुभ्र कपडे, मागे चारपाच माणसं. प्राचार्यांनी त्यांना येमूलची नळी दाखवली, कारण हवा काढायचा चांगला पंप मंजूर व्हायचा होता आणि तो अध्यक्षांच्या मान हलवण्यावर अवलंबून होता. अध्यक्षांनी नळीकडे बराच वेळ बघितलं.

"मास्तर, ह्या उजेडानं लोखंड कापतात म्हनं?"

"तिकडे कापतात."

"मग ऊस तुटंल का?"

प्राचार्य हसले. देशमाने सरही हसले. येमूलने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "तुटंल की. पर तुमच्याकडं कोयत्याची मानसं ह्याच्याहून लई स्वस्त हायत."

अध्यक्ष मोठ्याने हसले. समजूतदार माणूस होता; कधी हसायचं हे त्याला ठाऊक होतं. पंप आला नाही. त्या वर्षी कॉलेजला नवीन लाऊडस्पीकर मिळाला. मी येमूलला म्हटलं, "एक वाक्य गिळलं असतंस तर काय बिघडलं असतं?" तो म्हणाला, "त्यांचं काही बिघडलं नसतं." मला वाटतं, हे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मूर्खपणाचं वाक्य असावं, आणि मी ते अजून विसरलेलो नाही.

त्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो त्याच्या आईमुळे. ती एकदा कॉलेजच्या फाटकाशी डबा घेऊन आली होती आणि मी दाखवलेल्या वाटेबद्दल तिने मला जेवायलाच बोलावलं. समोरच्या खोलीत माग, मागच्या खोलीत खाटेवर वडील, आणि मधल्या उंबऱ्याशी बसून ती मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. लहानशी बाई, कपाळावर मोठं कुंकू. येमूल दारातून आत आला तसं तिने मान वर न करता विचारलं, "वच्चिंदा?" आला का?

"लेदु," तो म्हणाला. नाही.

मग भावाने मला सांगितलं की हे रोजचंच आहे. पोराने कधीतरी तिला सांगितलं होतं की नळीतून लाल उजेड यायचा आहे, तो आला की आपली मुंबई नक्की. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती हेच विचारायची आणि रोज हेच उत्तर मिळायचं. या एका प्रश्नाला त्याने कधी 'भंगार' म्हटलं नाही, हे मी त्या दिवशी बघितलं आणि त्याला श्रेय न देता घरी आलो.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास प्राचार्यांनी विज्ञान मंडळाच्या उद्घाटनाला मुंबईच्या त्याच मार्गदर्शकांना बोलावलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी ते येणार होते. येमूलचे गाल बसले. बोलणं आणखी तिखट झालं. उजेड काही येत नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. बाहेरच्यांना या दिवसाची किंमत कळायची नाही. त्या दिवशी अख्ख्या सोलापुरात माग थांबतो. ज्याच्यावर पोट आहे त्या हत्याराला आराम द्यायचा, त्याला धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं. आमच्या विभागातही देशमाने सर दरवर्षी पूजा करत. नारळ फोडायचा मान मशाकचा, आणि तो तो मान मोठ्या अगत्याने घ्यायचा. सरांनी वर्णपटमापकाला कुंकू लावलं, तराजूंना लावलं, बॅटऱ्यांना लावलं, फळा पुसायच्या डस्टरलाही लावलं. येमूलच्या खोलीला कुलूप होतं, तेव्हा दाराला एक टिळा लावून ते घरी गेले.

त्याच दिवशी दुपारी येमूल आला. शहरातले सगळे माग बंद, वीज संथ, हवा स्वच्छ. एरवी ज्या चालीरीतींना तो शेणाएवढीही किंमत देत नसे, त्यांनी त्याचं काम एका दुपारीत करून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला सोनं द्यायला गेलो तर आपट्याचं पान हातात घेऊन तो म्हणाला, "आला." एवढंच. चेहरा मात्र त्याच्या ताब्यात नव्हता.

मी म्हटलं, "सोमवारी दाखवायच्या आधी एकदा लावून बघ."

"रंगीत तालीम नाटकवाल्यांना लागते. जुळलेल्या आरशाला हात लावायचा नाही."

सोमवारी आम्ही सगळे त्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिलो. मार्गदर्शक, प्राचार्य, देशमाने सर, मी, दाराशी मशाक. मार्गदर्शक बारीक, गोरे, बोलताना ओठांचा एक कोपरा वर जायचा. येमूलचा तो हावभाव कुठून आला हे मला तेव्हा कळलं. येमूलने यंत्रावरचं फडकं काढलं, दिवा मालवला आणि खटका दाबला. नळी गुलाबी पेटली. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका काही आला नाही.

त्याने पुन्हा खटका दाबला. मग मार्गदर्शकांनी खिशातली बॅटरी काढून नळीच्या टोकाशी धरली. आरशाच्या अगदी मधोमध, बोट टेकवून लावलेला हळदीकुंकवाचा टिळा होता, आणि वर दोन तांदळाचे दाणे चिकटले होते.

येमूलने कापसावर रसायन घेऊन आरसा पुसला. कुंकू निघालं आणि त्याच्याबरोबर लेपही ओरखडला. बॅटरीच्या उजेडात त्या रेघा आम्हाला सगळ्यांना दिसल्या.

"हे कोणत्या अडाण्याचं काम आहे?" मार्गदर्शकांनी विचारलं.

देशमाने सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "मी फक्त दाराला लावलं होतं," ते पुटपुटले. "आत कसं गेलं?"

"साब, चाबी सरांच्याच खिशात ऱ्हाती," मशाक म्हणाला. "हमकू तो झाँकने बी नई देते."

सगळे येमूलकडे बघू लागले. मला वाटलं, आता हा फुटणार. सर, मशाक, प्राचार्य, सोलापूर, सगळ्यांचं भंगार एकदाच काढणार. मार्गदर्शकांचा सूरही काही अगदी तोडून टाकण्याचा नव्हता. कोणा गावंढळाने घोळ घातला म्हटलं असतं तर ते हळहळले असते, दुसरा आरसाही दिला असता. त्यांनी तसं जवळजवळ सुचवलंच. "येमूल, तुमच्या हाताखालची माणसं अशी असतील तर तुमचा काय दोष? नाव सांगा, म्हणजे झालं."

येमूलने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने तो पुसत राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की त्याला कोणाचं तोंड बघायचं नाही असं नाही, आपलं दाखवायचं नाही.

"मी लावलं," तो म्हणाला.

"तुम्ही?"

"खंडेनवमी होती. आम्ही विणकर. मीच लावलं."

मार्गदर्शकांचा ओठ वर गेला. "मला वाटलं, तुम्ही प्रयोगशाळा उभी केलीत. तुम्ही तर देऊळ बांधलंत." ते दाराकडे वळले. प्राचार्यांनी आरसे परत न्यायचं विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या. देव्हाऱ्यात ठेवा." संध्याकाळी नव्या लाऊडस्पीकरवर त्यांचं वैज्ञानिक दृष्टिकोनावर सुंदर भाषण झालं. येमूलच्या परतण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. लेझरला कुंकू लावणाऱ्या मास्तराची गोष्ट पुढे मुंबईत बरेच दिवस चहाबरोबर सांगितली जात होती, असं ऐकलं.

कॉलेजात कोणाचाच विश्वास बसेना, फक्त देशमाने सरांचा बसला. "वरून नास्तिक, पण आत संस्कार आहेत," असं ते ज्याला त्याला सांगू लागले. मला मात्र हे पचेना. देवळासमोरून जाताना चप्पलही न काढणारा माणूस आरशाला अक्षता लावील? त्या आठवड्यात तो कॉलेजला आला नाही, तेव्हा मी त्याच्या घरी गेलो.

येमूल भिंतीला टेकून बसला होता. आईने मला पाट दिला आणि कांड्या बाजूला सारून उत्साहाने बोलू लागली. "तुमी बगितलं का तो लाल उजेड? लई चांगला हाय. राजेशम मला घरातनं न्हेला, पूजेवरनं तशीच उटवून. सगळ्यांच्या आदी मला दाखीवला."

मी येमूलकडे बघितलं. तो मागाकडे बघत होता.

"त्याच्यावर आमच्या पोराचं पोट हाय, मग त्याला कुंकू नको?" ती म्हणाली. "त्यो बटन बंद कराया वळला तवा मी लावले. लावू नको म्हनला असता त्यो. त्याला देवाचं काय बी पटत न्हाय की." आणि ती पोरासारखी हसली. "देवानं ऐकलं बगा. साहेबाला बी दिसला. चल बोंबईला म्हनला. पर हाच न्हाई म्हनला."

"नाही म्हणाला?" मी विचारलं.

"मुंबईत सगळं भंगार आहे," येमूल त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. "माणसं भंगार, यंत्रं भंगार. कोण जातंय?"

आईने माझ्याकडे बघून मान हलवली. पोराच्या या उर्मटपणाचा तिला मनापासून अभिमान वाटत होता. मी चहा प्यायलो. सगळ्या जगाला तुच्छ लेखायची त्याची सवय त्याच्या सगळ्या आयुष्यात एकदाच कोणाच्या तरी कामाला आली, ती अशी. मला गहिवरून आलं, आणि त्याचाही मला राग आला. त्याच्याबद्दल गहिवरून यावं इतकी त्याने माझ्याशी कधी नीट वागणूक ठेवली नव्हती.

पुढे तो शिकवत राहिला. नळी फळीवर चढली. टेबलावरच्या प्रवेगकाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, आणि त्याची जीभ काही सुधारली नाही. दर खंडेनवमीला देशमाने सर आता पूजेचं तबक कौतुकाने त्याच्यापुढे धरत, आणि तो चष्मा पुसत उभा राहायचा. तबकाला त्याने कधी हात लावला नाही.

दशक संपत आलं तेव्हा माझी बदली संस्थेच्या नातेपुत्याच्या कॉलेजात झाली. त्याच वर्षी श्रावणात येमूलची आई गेली. मला उशिरा कळलं. माझं थोडं सामान न्यायला मी सोलापूरला आलो तो नेमका खंडेनवमीचा दिवस होता. विभागात पूजा उरकलेली, माणसं पांगलेली, नारळाची शेंडी जमिनीवर पडलेली. त्या जुन्या खोलीचं दार उघडं दिसलं म्हणून मी आत डोकावलो.

येमूल टेबलाशी उभा होता. फळीवरची नळी त्याने खाली काढून पुसली होती. सरांचं तबक जवळ होतं. त्याने बोट हळदीत बुडवलं, मग कुंकवात, आणि त्या ओरखडलेल्या आरशाच्या मधोमध नीट टेकवलं. अक्षता शोधल्या, दोन दाणे लावले. मग माझी चाहूल लागून तो वळला. चष्मा डोळ्यांवरच होता, आणि तो त्याने पुसला नाही.

"बघतोस काय?" तो म्हणाला. "भंगार आहे ते. त्याला आता काय होतंय?"